तेराचा पाना

छत्तीस वर्षांनी काकू घरी परत आल्या त्या ट्रकमधून, अंगावर ताडपत्री घेऊन. चारही चाकांत हवा नव्हती, रंग पार उडाला होता आणि बसायच्या जागेत उंदरांच्या कित्येक पिढ्यांनी संसार थाटलेला दिसत होता. ताडपत्री बाजूला झाली तशी गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या लालीच्या डोळ्यांत पाणी आलं. 'गाडीला ओरखडा पडला म्हणून कोणी रडतं का?' असं तिने तीस वर्षं आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या विद्यार्थ्यांना सुनावलं होतं. आता तीच पर्समध्ये रुमाल शोधत होती.

काकू म्हणजे शर्यतीची गाडी. एकाच माणसाला बसता येईल एवढी, लांबोडक्या नाकाची, हिरवी. नाव पडलं ते स्वभावावरून. सकाळच्या गारठ्यात ती सरळ कधी सुरू व्हायची नाही. आधी कुरकुर, मग खोकला, मग भसाभस धूर, आणि एकदा मनासारखा मान मिळाला की दिवसभर कोणाला ऐकायची नाही. तिचं ऑइल आधी पातेल्यात गरम करायचं आणि मग इंजिनात ओतायचं. लालीच्या आईचं दुधाचं मोठं पातेलं त्या कामी गेलं ते कायमचंच. 'काकूंचा चहा ठेवला का?' असं कोणी विचारलं की पातेलं स्टोव्हवर चढलं का, असा त्याचा अर्थ.

ट्रकच्या मागून जे गृहस्थ आले त्यांनी काकूंना कुठल्याशा बंद गोदामातून हुडकून काढलं होतं. पेशाने दातांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले, आणि आता इतक्या वर्षांची हौस फेडायला निघालेले. लहानपणी त्यांनी काकूंना धावताना पाहिलं होतं म्हणे. त्यांना काकू पुन्हा चालू करून हव्या होत्या, आणि तेही मूळच्याच हातांनी.

"मूळच्या टीममधलं कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आणि ही," दादा म्हणाला. दादा म्हणजे लालीचा थोरला भाऊ. साठी गाठली होती, पण गाडीखालून कोणाचा हात न घेता उठायचा. "बाबा गेले. गाडी चालवणारा आमचा आतेभाऊ. तो दूर कुठेतरी बंगल्यात मजेत आहे."

मग दादाने एक अट घातली. तो इंजिन उघडेल, साफ करेल, बसवेल, काय वाटेल ते करेल, पण काकूंचा एकही नट स्वतः कसणार नाही. तो सांगेल, दुसऱ्या कोणीतरी कसायचं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारपणी मनगटं दुखत असतील. त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. लालीला मात्र कारण माहीत होतं. ते ऐकलं आणि ती उगाचच मागच्या खोलीत गेली, आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली.

त्या वर्षीची त्यांची टीम म्हणजे चार माणसं, एक गाडी आणि एक पातेलं. बाबांचं हेच गॅरेज. आठवडाभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक आणि सायलेन्सर, आणि शर्यत आली की काकूंना ट्रेलरवर घालून प्रयाण. गाडी आतेभाऊ चालवायचा. त्याला सगळे राजे म्हणत, कारण त्याने आयुष्यात एकही दार स्वतःच्या हाताने बंद केलं नव्हतं. मेकॅनिक दादा, तेव्हा चोवीस वर्षांचा. आणि नटांवर खुणा करायला लाली, वय एकोणीस. नटावरून बोल्टवर जाणारी नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. ती लाल बाटली सदा तिच्या एप्रनच्या खिशात असायची, म्हणून तिला सगळे लाली म्हणायला लागले. खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं.

बाबांचे नियम मोजकेच होते, पण दगडावरची रेघ. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या रस्त्याकडेला गाड्या तयार करायच्या जागेत, इंजिनांचा एवढा कल्लोळ असायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं खुणांवर चालायचं. नट अर्धवट ठेवून उठावं लागलं तर पाना नटावरच अडकवून जायचं. पाना नटावर आहे म्हणजे काम अपुरं आहे आणि माणूस परत येणार आहे. ज्याने पाना ठेवला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साक्षात मालक का असेना. पाना नसेल तर काम झालं. मग लालीने नट बोटांनी चाचपून बघायचा आणि रेघ ओढायची.

पहिल्याच शर्यतीत एका अधिकाऱ्याने लालीला अडवलं. पिटमध्ये मुलीचं काय काम, म्हणाला. बाबा कधी कोणाशी हुज्जत घालत नसत. त्या दिवशी ते टोपी काढून त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हिच्या बोटांखालून सैल नट सुटत नाही. सुटला तर गाडी मी स्वतः परत नेईन." अधिकारी बाजूला झाला. त्या एका वाक्यावर लालीने पुढचे सहा महिने जमिनीपासून चार बोटं वरून चालत काढले.

आणि काय मोसम होता तो! आठ शर्यती. दुसऱ्यांच्या गाड्या नव्या कोऱ्या, त्यांच्या तंबूंना खिडक्या, त्यांच्या मेकॅनिकांचे कपडे इस्त्रीचे. काकू सात वर्षं जुन्या. पण बाबांचं गणित निराळं होतं. 'जिंकायचं नंतर बघू, आधी घरी या,' एवढंच ते राजेंना सांगायचे. पहिल्या शर्यतीत काकू पाचव्या आल्या. दुसरीत सुरूच होईनात. चहा दोनदा पाजावा लागला, सगळ्यांच्या शेवटी निघाल्या आणि तिसऱ्या आल्या. तिसरीत पुन्हा पाचव्या. चौथीत पुढचे दोघे वळणावर एकमेकांना भिडले आणि काकू त्यांच्या मधून वाट काढत पहिल्या आल्या. राजेंनी नंतर सांगितलं की मी डोळे मिटून घेतले होते, आणि त्यावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही. पाचवीत गिअर तिसऱ्यात अडकला. सगळी शर्यत त्या एका गिअरवर ओढली आणि सहाव्या आल्या, म्हणजे एक गुण. बाबांनी तो एक गुण पहिल्या नंबरासारखा साजरा केला, घरी जाताना सगळ्यांना पोटभर आइस्क्रीम. सहावीत दुसऱ्या. सातवीत मात्र कोणाची मेहरबानी नव्हती. काकूंनी सगळ्यांना सरळ रस्त्यावर मागे टाकलं.

सातव्या शर्यतीनंतर इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस त्यांच्या पिटमध्ये आला. सगळ्यात मोठ्या टीमचा मुख्य मेकॅनिक. त्याने काकूंचं इंजिन वाकून वाकून पाहिलं, लाल रेघा पाहिल्या आणि दादाला म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या. निरोपाची वाट बघतो." दादा त्या संध्याकाळी ट्रेलर जोडायला विसरला आणि नुसतीच जीप घेऊन दोन मैल पुढे गेला. काकू मागे एकट्या उभ्या. लाली अजून हे आठवून हसायची, आणि हसता हसता थांबायची.

शेवटच्या शर्यतीला काकू आठ गुणांनी पुढे होत्या. मागचा गडी जिंकला तरी त्याला मिळणार नऊ. म्हणजे काकूंनी पाचव्या येऊन दोन गुण मिळवले असते तरी विजेतेपद घरात. साऱ्या मोसमात त्या सहाव्याच्या खाली कधी गेल्या नव्हत्या.

त्या सकाळी दादा अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याचा नट कसत होता. तेरा नंबरचा. अर्धा कसला असेल तेवढ्यात अधिकाऱ्यांनी कागदांवर सही करायला त्याला बोलावलं. त्याने नियमाप्रमाणे पाना नटावर अडकवला आणि गेला. इकडे राजे गाडीत बसून ओरडू लागले, आरसा सैल आहे, आरसा हलतोय. आरशाचा नटही तेराचाच होता, आणि तेराचा पाना त्यांच्याकडे एकच. लालीने तो दांड्यावरून काढला. आत्ता परत ठेवते, असं मनात म्हणाली. आरसा कसला, त्यावर रेघ ओढली, पाना एप्रनच्या खिशात टाकला. तोवर गाड्या रांगेत लावायची शिट्टी झाली. ती बाटली घेऊन भराभर राहिलेल्या नटांवरून फिरली. दांड्यापाशी आली. पाना नाही म्हणजे काम झालेलं. तो पाना आपणच काढलाय, हे त्या क्षणी तिच्या डोक्यात आलंच नाही. बोटं टेकवल्यासारखी केली आणि रेघ ओढली. दादा धावत परत आला, दांड्यावर लाल रेघ पाहिली आणि बॉनेट लावलं.

तीन फेऱ्या उरल्या असताना काकू तिसऱ्या होत्या. मग त्या दिसेनाशा झाल्या. बाकीच्या गाड्या पिटसमोरून सणसणत गेल्या आणि हिरवं नाक काही येईना. गवतावर शांतपणे उभ्या होत्या काकू, इंजिन चालू आणि पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर लुळा. दांड्याचा नट वाटेत कुठेतरी पडून गेला होता. मागचा गडी शर्यत जिंकला, आणि विजेतेपद एका गुणाने गेलं.

बॉनेट उघडलं तेव्हा बोल्टवर अर्धी लाल रेघ होती. दादाने ती पाहिली आणि पांढराफटक पडला. बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "पाना काढला मी, पण नट कसला नव्हता," तो म्हणाला. "रेघ आहे म्हणजे पाना मीच काढला असणार. माझी चूक आहे, बाबा. तेराचा पानाही कुठे टाकला कोण जाणे." नंतर तो पिटमध्ये गुडघ्यांवर बसून तो पाना शोधत राहिला. आणि लालीचा हात एप्रनच्या खिशात गेला, सकाळपासून हातातच राहिलेली नेलपॉलिशची बाटली ठेवायला, तर बोटांना गार लोखंड लागलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तिला ते त्याच क्षणी कळत होतं. पण बाबांचं ते टोपी काढून बोललेलं वाक्य तिच्या कानांत होतं, आणि तो अधिकारी दहा पावलांवर उभा होता. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर दादा जेवलाच नाही, तर म्हटलं उद्या सांगू. आठवड्याने तो इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस उत्तर विचारायला घरी आला. लाली शेजारच्या खोलीत होती, दार अर्धं उघडं होतं. दादा त्याला म्हणाला, "मी येत नाही. ज्याला स्वतःच्या हातांचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये." लाली जागची हलली नाही. एवढं झाल्यावर मग पुढे कधी सांगायचं, ती वेळ तिला सापडलीच नाही.

काकू त्या हिवाळ्यात विकल्या गेल्या. दादाने उभा जन्म याच गॅरेजमध्ये लोकांच्या घरगुती गाड्या दुरुस्त केल्या, आणि उत्तम केल्या. बाबांनी त्याला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. फक्त तेव्हापासून दादाचं काम झालं की बाबा सहज जवळून जात आणि एखाद्या नटावरून बोट फिरवत. दादा ते पाहायचा आणि दुसरीकडे बघायचा. बाबा जाईपर्यंत, तब्बल सत्तावीस वर्षं, हे चाललं. लालीला वाटायचं, ते बोट आपल्याच छातीवरून फिरतंय.

आता दोन महिने डॉक्टर काकूंचे नट कसत होते. दादा स्टुलावर बसून सांगायचा, "अजून पाव फेरा. हिरडी नाही ती, घाबरू नका." डॉक्टर कसायचे, लाली चाचपून रेघ ओढायची. नेलपॉलिश अजून त्याच रंगाचं मिळत होतं. आणि रोज तिच्या पर्समध्ये तळाशी तो तेराचा पाना असायचा. इतकी वर्षं तो तिच्या शिलाई मशीनच्या खणात होता. रोज घेऊन यायची, रोज परत न्यायची.

शेवटच्या दिवशी एकच नट उरला, अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याचा. सकाळची वेळ होती. नवं पातेलं स्टोव्हवर चढलं होतं. डॉक्टरांनी पेटीतून चकचकीत पाना काढला.

"थांबा," लाली म्हणाली. "डॉक्टर, जरा चहाकडे बघता का?"

डॉक्टर पातेल्याकडे गेले. लालीने पर्समधून पाना काढला आणि दादाच्या हातात ठेवला. पान्याच्या मुठीवर बाबांनी कानशीने मारलेली खूण होती, ती ओळखायला दादाला चष्मा लागला नाही.

"तू नव्हता काढला, दादा," ती म्हणाली. "तू नटावर ठेवून गेला होतास. आरसा कसायला मी काढला. मग विसरले, आणि वरून रेघही मीच ओढली. त्याच दिवशी, शर्यत संपल्यावर, हा माझ्या खिशात सापडला."

दादा उजेडाकडे वळला. पाना उलटसुलट करून बघत राहिला.

"त्याच दिवशी?" त्याने विचारलं.

"हो."

"मी तो क्षण आठवायचा किती प्रयत्न केला," तो म्हणाला. "सही करून आलो, पाना काढला, हे मला कधी आठवलंच नाही. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे."

लालीला वाटलं, याने ओरडावं, पाना फेकून मारावा.

"बाबांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"म्हणजे ते गेले ते हेच मनात धरून."

 लाली रडू लागली, आणि रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटून पुन्हा थांबली. दादा उठला. काकूंपाशी गेला, वाकला. नट बोटांनी बसवला, त्यावर तेराचा पाना लावला आणि अर्धा फेरा दिला. मग त्याचा हात थांबला. पाना तसाच नटावर ठेवून तो मागच्या दाराने बाहेर निघून गेला.

डॉक्टर पातेलं उतरवून आले. "हे अर्धंच राहिलं वाटतं," म्हणाले. "मी कसून टाकतो." आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," लाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पाना नटावर आहे. ज्याने ठेवला तोच काढेल."

ती काकूंच्या शेजारी एका खोक्यावर बसली. ऑइल निवलं, डॉक्टरांनी ते पुन्हा गरम केलं, पुन्हा निवलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कोणीतरी पंक्चर काढायला आलं, त्याला तिने परत पाठवलं. स्टोव्हपाशी डॉक्टर घड्याळ बघत होते, पण शहाणा माणूस, काही विचारत नव्हते. तो परत येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. पाना ठेवून गेलाय एवढंच ठाऊक होतं, आणि त्याच्यावर तिने नजर ठेवली होती. रात्र झाली असती तरी ती तिथून उठली नसती.

सव्वा तासाने दादा आला. तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. लालीकडे न बघता तो वाकला आणि नट कसला, सावकाश, शेवटपर्यंत. मग पाना काढला.

"झालं," तो म्हणाला.

लालीने बाटली उघडली, आणि पुन्हा बंद करून बाजूला ठेवली. आधी तिने दोन्ही हातांच्या बोटांनी तो नट धरला आणि सगळी ताकद लावून फिरवून पाहिला. नखं पांढरी पडेपर्यंत. नट तसूभरही हलला नाही. मग तिने रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली.

"डॉक्टर, काकूंचा चहा गार झाला," दादा म्हणाला. "ठेवा पुन्हा."

तिसऱ्यांदा ऑइल तापलं. काकूंनी आधी कुरकुर केली, मग खोकल्या, मग सगळं गॅरेज धुराने भरून टाकलं, आणि मग एकदम बोलू लागल्या. त्या आवाजात कोणाला कोणाचं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. डॉक्टर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. लालीने पाना परत घ्यायला हात पुढे केला, रोज घरी न्यायच्या सवयीने. दादाने क्षणभर तिच्या हाताकडे पाहिलं. मग मान हलवून नाही म्हटलं आणि तो पाना आपल्या खिशात ठेवला. लालीनेही मान हलवून बरं म्हटलं, आणि दोघं काकूंच्या दोन बाजूंना उभी राहिली.